विमानवाले मल्लप्पा

नव्या पेठेतले खणांचे व्यापारी मल्लप्पा दुकानात गादी अशी टाकत, की सूर्य त्यांच्या पाठीशी यावा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जावा. "मास्तर, लढाऊ विमान कवाबी सूर्याच्या अंगानं येतंय. समोरच्याला दिसत न्हाय," ते मला बजावत. गिऱ्हाईक बिचारं डोळे बारीक करून खणाचा रंग पाहायचं आणि काहीच दिसेना म्हणून शेजारच्या दुकानात जायचं. मल्लप्पांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

विमान त्यांनी जवळून कधी पाहिलं नव्हतं. कुणा गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावरून रद्दीत आलेली इंग्रजी मासिकं त्यांनी खण गुंडाळायला घेतली होती. त्यातल्या विमानांच्या चित्रांनी त्यांचं डोकं फिरवलं ते फिरवलंच. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी शेजारी आणि त्यात शाळामास्तर, म्हणजे सुटका नाहीच. दुकानामागे त्यांचं घर होतं. संध्याकाळी तिथल्या ओसरीवर बसून मी मराठीत अर्थ सांगत वाचायचं आणि त्यांनी मान डोलवायची. महायुद्धात वैमानिक सूर कसा मारत, लूप म्हणजे हवेत उभी कोलांटी कशी घेत, सगळं त्यांना तोंडपाठ झालं.

'ष्टाल' हा त्यांचा लाडका शब्द. एकदा टांग्याचं घोडं भर रस्त्यात अडलं. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "घोडं ष्टाल झालं वाटतं!" मल्लप्पांनी कपाळावर हात मारला.

"वाचताय तुमी आन् समजंना बी तुमालाच? इंजिन बंद पडलं म्हंजे ष्टाल न्हवं. नाक लई वर केलं की पंखावरची हवा सुटतीया, त्याला ष्टाल म्हंत्यात. माणसाचंबी तसंच हाय की!"

हे त्यांनी टांगेवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, सासरवाडीत तेराव्याच्या पंगतीतही सांगितलं. लोक त्यांना लांबून पाहूनच बोळ बदलत. ऐकायला कुणीतरी मिळावं म्हणून हा माणूस नको असलेलं पान खायला पानवाल्याकडे जाई. घरात मात्र या विषयावर एक अक्षर नाही. मूलबाळ नव्हतं, ते आणि गंगव्वावहिनी अशी दोघंच. "तिला काय सांगायचं? ती भली, तिची भाकरी भली," असं म्हणून ते चपला घालत आणि बाहेर पडत.

एका हिवाळ्यात होटगी रस्त्याकडच्या माळावर दोन बैठकींचं विमान उतरलं. तिकीट काढणाऱ्याला वर फिरवून आणत. पहिलं तिकीट कुणाचं हे सांगायला नको. सगळी नवी पेठ बघायला लोटली. वहिनीही भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन आल्या, जणू मालक विजापूरला निघाले होते.

नवा पटका बांधून मल्लप्पा विमानापाशी गेले. कौतुकानं पंखावर हात ठेवला, सवयीनं दोन बोटांनी चाचपला, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"मास्तर, हे तर कापड हाय!"

"अहो, आपण वाचलंय की."

"वाचलंय हो. पण हात आज लागला. कापड कसं फाटतंय ते मला इचारा."

त्यांचा पाय जागचा हलेना. मागे कुणीतरी फिसकन हसलं. इतकी वर्षं आकाश जिंकणाऱ्या माणसाची अब्रू भर माळावर जाणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात वहिनींनी डबा माझ्या हातात दिला आणि पदर खोचला. "ह्यांना ऊन लागलंय. तिकीट वाया कशाला घालवायचं? मी बसते की."

थंडीनं आमचे दात वाजत होते. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

वैमानिक पारशी पोरगा होता. "माँजी, सीधा घुमाऊँ?" त्यानं विचारलं.

"लूप करो," वहिनी म्हणाल्या. "पण पैले सूर मारके जोर लेव. नै तो ष्टाल होता."

पोरगा बघतच राहिला. मल्लप्पांचा तर जबडाच पडला. ओसरीवरचं वाचन आत चुलीपर्यंत ऐकू जातं, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

विमान वर गेलं, सूर मारून खाली आलं आणि उलटं झालं. मल्लप्पा डोळे गच्च मिटून सिद्धेश्वराचा धावा करत होते. त्यांनी माझा हात असा दाबून धरला होता की बोटांना मुंग्या आल्या.

वहिनी उतरल्या तेव्हा कुंकू कपाळभर पसरलं होतं. नवऱ्याजवळून जाताना त्या हळूच म्हणाल्या, "उलटं झाल्यावर माणूस पट्ट्याला लोंबतंय म्हनता तुमी, ते खरं न्हाय. उलट बैठकीत दाबून बसवल्यागत हुतंय."

मल्लप्पांची चूक काढायची छाती नव्या पेठेत कुणाची नव्हती. आता काय होतंय म्हणून मी जीव मुठीत धरून उभा होतो. ते घराकडे चालू लागले. रीतीप्रमाणे वहिनी मागून निघाल्या. थोडं पुढे गेल्यावर मल्लप्पा रस्त्यातच थांबले आणि त्या बरोबरीला येईपर्यंत वाट पाहत राहिले.

मी मागेच रेंगाळलो. या माणसाच्या तोंडून मी आजवर फक्त उत्तरं ऐकली होती.

"मग?" ते बायकोला विचारत होते. "सांग की. सिद्धेश्वराचं तळं वरनं कसं दिसतंय?"