भिंत म्हणते, पटलं नाही

माझा निबंध वाचून संपला तेव्हा नाना शिरस्तेदार जागेवरून उठले, ओटीच्या मागच्या भिंतीशी गेले, तिला कान लावून थोडा वेळ उभे राहिले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "भिंत म्हणते, पटलं नाही."

मी गारच पडलो. हे चेष्टेत म्हटलेलं असतं तर मी हसलो असतो, पण नानांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. निकाल वाचून दाखवावा तसे ते बोलले होते. बाकीची कॉलेजची मुलं भिंतीला टेकून निवांत बसली होती. मला तिथे घेऊन आलेला माझा मित्र दामू माझ्या कानाशी लागला. "पहिल्या दिवशी कुणाचंच पटत नाही तिला," तो म्हणाला, आणि तेही असं, की जणू भिंत त्याची आत्या होती.

नानांचा उभा जन्म ठाण्याच्या कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेण्यात गेला होता. पेन्शन घेऊन ते घरी बसले, पण कोर्ट काही त्यांच्या डोक्यातून उठलं नाही. आम्ही पोरं तेव्हा आगगाडीने मुंबईच्या कॉलेजात जात होतो. निबंध लिहायचा म्हणजे चार इंग्रजी पुस्तकांतून मजकूर उतरवायचा आणि सभेत बोलायचं म्हणजे हातवारे करून मोठ्याने ओरडायचं, एवढीच आमची विद्या. एकदा गावच्या वाचनालयात मुंबईचे कोणी विद्वान चीन देशावर व्याख्यान देत होते. नाना मध्येच उभे राहिले आणि त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "हे आपण स्वतः पाहिलंत, की ऐकीव आहे?" विद्वान घोटभर पाणी प्यायले, पुन्हा घोटभर प्यायले आणि खाली बसले. दुसऱ्याच रविवारी नानांनी तळ्यामागच्या आपल्या घरी वर्ग सुरू केला. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि ते कोणाकडून काही घेतही नव्हते. अट एकच होती. बोलणाऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं आणि शब्द न् शब्द भिंतीपर्यंत पोहोचवायचा.

निबंधाची त्यांची पद्धत ऐकली तर आमचे प्रोफेसर झीट येऊन पडले असते. प्रत्येक वाक्याला साक्षीदार हवा. दामूने लिहिलं होतं, की पूर्वी कल्याणच्या बंदरात देशोदेशीची गलबतं येत.

"तू पाहिलीस?" नानांनी विचारलं.

"नाही, नाना. फार जुनी गोष्ट आहे ती."

"मग कोणी पाहिली?"

"एका इंग्रजी पुस्तकात आहे."

"पुस्तकाला हजर कर."

पुढच्या रविवारी दामूने कॉलेजातून ते पुस्तक आणलं. नानांनी ते पाटावर उभं केलं आणि खरोखरच त्याची उलटतपासणी घेतली. "याला हे कोणी सांगितलं?" पुस्तकाने तळटीपेत दुसऱ्या पुस्तकाचं नाव घेतलं होतं. मग ते हजर करायचा हुकूम झाला, त्याने तिसऱ्याचं नाव सांगितलं, आणि असं करता करता प्रकरण एका परदेशी खलाशापर्यंत गेलं, जो या किनाऱ्याला स्वतः येऊन गेला होता. तोवर दामू रडकुंडीला आला होता. "हा खरा साक्षीदार," नाना खूश होऊन म्हणाले. "याला सोडून तू त्याच्या पणतूंची जबानी काय घेत बसला होतास?"

हातवाऱ्यांवरचा त्यांचा उपाय तर याहून अघोरी होता. बोलायला उभं राहिलं, की मधल्या दाराच्या उंबऱ्यावर पाण्याने काठोकाठ भरलेले दोन तांबे आलेले असत. ते दोन हातांत धरून बोलायचं. पाणी सांडलं, की ते वाक्य रद्द, पुन्हा सांगायचं. "हात मोकळे असले की माणूस त्यांच्या आड लपतो," नाना म्हणत. दामू दर रविवारी धोतर पिळून घरी जाई. मला मात्र नेहमी गळ्यापर्यंतच भरलेले तांबे मिळत. मी ते आपलं नशीब समजलो आणि दामू तो पक्षपात समजला. ते तांबे भरतं कोण, हा प्रश्न साक्षीदार शोधत फिरणाऱ्या आम्हा शहाण्यांपैकी एकालाही पडला नाही. नानांची एक मुलगी विधवा होऊन घरी आहे एवढं गावाला माहीत होतं. तिला कोणी पाहिलं नव्हतं, आणि दुसऱ्याच्या घरातल्या विधवेची चौकशी करायची तेव्हा रीत नव्हती.

भिंतीचं म्हणाल, तर ती कुडाची होती, कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणमातीने लिंपलेली. दामूने घरी जाऊन आपल्याही भिंतीला कान लावून पाहिला. "आमच्या भिंतीत नुसते उंदीर आहेत," त्याने आम्हाला सांगितलं.

मी त्या वर्गात गेलो तो हौसेने नव्हे. कॉलेजच्या सभेत निबंध वाचायला मी उभा राहिलो, तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती बातमी कल्याणला घरी माझ्या वडिलांपर्यंत पोहोचली. ते वैद्य होते आणि बोलायला कडक होते. "चार माणसांसमोर तोंड उघडत नसेल तर कॉलेज सोड आणि घरी येऊन खल घोटत बस," ते म्हणाले. शेवटी आईने मध्यस्थी केली. ठाण्याच्या वाचनालयात गावच्या प्रतिष्ठितांसमोर मी निबंध वाचायचा, वडील ऐकायला येणार, आणि तिथे जे होईल त्यावर माझं कॉलेज राहणार की जाणार हे ठरणार, असा तह झाला.

माझा विषय होता ठाण्याच्या खाडीवरची मिठागरं. सरकारी कागद वाचून आणि एका ठेकेदाराशी बोलून मी तो लिहिला होता आणि माझ्या मते तो झकास उतरला होता. भिंतीला तो पटला नाही हे वर सांगितलंच. मी कारण विचारलं. नानांनी पुन्हा कान लावला.

"भिंत विचारते, मिठागरात डोक्यावरून टोपल्या कोण वाहतं?"

"मजूर," मी म्हणालो.

"पुरुष, की बायका?"

"बायकाच, बहुतेक."

"मग त्या तुझ्या निबंधात कुठे आहेत? एकीची तरी जबानी घेतलीस?"

भिंतीला प्रश्न पडतात हे मी एव्हाना पचवलं होतं, पण तिला बायकांचा एवढा कळवळा कशासाठी? मी तसं विचारलंही. "भिंतीचं भिंतीला ठाऊक," नाना म्हणाले. "तू जाऊन ये."

गेलो. डोक्यावर पगडी, हातात छत्री आणि समोर पांढरंधोप मिठागर. टोपल्या घेऊन निघालेल्या आगरी बायका मला पाहून थांबल्या. त्यांच्यातली हिराबाय म्हणून एक होती, तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कोन रं तू? वाट चुकलास का?"

"तुम्हालाच भेटायला आलोय. कामाचं विचारायचं होतं."

"आमाना?" ती बाकीच्यांकडे बघून हसली. "आमाना कोन इचारतंय? मुकादमाला इचार. तो बोलतंय, आमी आयकताव."

पण मी हटलो नाही आणि मग ती बोलायला लागली. मिठाने तळपाय कसे चिरतात, त्यावर रात्री काय लावतात, तान्ही मुलं कुठे ठेवतात, सगळं तिने सांगितलं. डोक्यावरची टोपली तिने सारा वेळ उतरवली नव्हती. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "टोपली असली का मान हलवाला मिलत नाय. बोलाचं तं समोर बघूनच बोलाचं." मला नानांचे तांबे आठवले.

घरी आईने हे ऐकलं तेव्हा ती मटकन खाली बसली. "तू मिठागरात जाऊन परक्या बायकांशी बोलत उभा राहिलास?" ती म्हणाली. "कोणी सांगितलं तुला हे?" भिंतीने, असं सांगायचा धीर मला झाला नाही.

पुढच्या रविवारी नवा निबंध वाचला. नाना भिंतीशी गेले ते बराच वेळ परत वळेनात. वळले तेव्हा एवढंच म्हणाले, "भिंत काही बोलत नाही." हे चांगलं की वाईट ते मला कळलं नाही.

वाचनालयातल्या सभेचा रविवार उजाडला आणि माझं अवसान गळालं. सभा संध्याकाळी होती. मी सकाळच्या गाडीनेच ठाण्याला उतरलो तो नानांना सांगायला, की माझ्याच्याने हे होणार नाही, मी खल घोटतो. ओटीवर कोणी नव्हतं. मी हाक मारणार, तेवढ्यात भिंतीतून आवाज आला.

भिंत खरंच बोलत होती, आणि ती माझा निबंध बोलत होती. आवाज बाईचा होता, मोकळा आणि ठाम, शब्द न् शब्द स्वच्छ. मधलं दार अर्धवट उघडं होतं. आतल्या खोलीत विधवेचं लाल आलवण नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई उभी होती. तिच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेले तांबे होते. ती हिराबायची जबानी सांगत होती आणि पाण्याचा एक थेंब सांडत नव्हता. भिंतीआडून फक्त एकदा ऐकलेला निबंध तिला तोंडपाठ होता. समोर नाना आमच्यासारखे जमिनीवर मांडी घालून बसले होते, तिचे एकुलते एक श्रोते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

माझा निबंध जिथे संपत होता तिथे ती थांबली नाही. तिने पुढे एक वाक्य घातलं. "ज्यांना कोणी विचारलं नाही," ती म्हणाली, "त्यांना सांगायचंच नव्हतं, असं कोणी समजू नये."

मग तिने मला पाहिलं. तांबे हलके खाली ठेवून ती आत निघून गेली. नाना धडपडत उठून बाहेर आले आणि त्यांनी माझा हात धरला.

"तू काही पाहिलं नाहीस," ते म्हणाले.

जे पाहिलं तेच सांग, असं आम्हाला बजावणारा माणूस मला हे म्हणत होता. मी होकाराची मान हलवली.

"परकरी वयात परत आली रे," ते हळू आवाजात सांगायला लागले. "दार लावून मी लिहायला-वाचायला शिकवलं. पण एकट्या बापाचं ऐकून पोरीचं मन किती भरणार? तिला कॉलेजात नेता येत नाही, सभेत बसवता येत नाही. म्हणून कॉलेज ओटीवर आणलं. गावाला कळलं तर वर्ग बंद पाडतील. मग तिने आठवडाभर वाट बघायची ती कशाची?"

त्यांच्यासमोर मला खल घोटण्याची गोष्ट काढायची लाज वाटली.

संध्याकाळी मी वाचनालयात उभा राहिलो. पहिल्या रांगेत वडील आणि नाना शेजारी शेजारी बसले होते. मी दोन्ही मुठी आवळल्या, तांबे धरलेत असं समजलो, मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि बोलायला लागलो. शेवटी तिचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. मग अध्यक्ष, एक वजनदार वकील, पुढे झुकून म्हणाले, "शेवटचं वाक्य कोणाचं? पुस्तकातलं दिसत नाही."

साक्षीदार मागितला गेला होता. नानांचा चेहरा पांढरा पडला. वाक्य माझंच म्हटलं तर तिची चोरी, आणि खरं सांगितलं तर तिचा वर्ग संपला.

"नानांच्या भिंतीने सांगितलं," मी म्हणालो.

सगळी सभा हसली. नानांच्या भिंतीचा लौकिक गावभर होता. वडीलही हसले, आणि ते हसले तेव्हाच माझं कॉलेज वाचलं हे मला कळलं. नाना तेवढे हसले नाहीत. ते चाळिशी काढून उपरण्याने पुसत राहिले.

पुढच्या रविवारी मी बोलायला उठलो. उंबऱ्यावर तांबे आलेले होते. मी ते उचलायला वाकलो आणि थबकलो. माझे तांबे पहिल्यांदाच काठोकाठ भरलेले होते.

दुसऱ्याच वाक्याला पाणी सांडून माझं धोतर भिजलं. तेवढ्यात भिंतीपलीकडे कोणीतरी खुदकन हसलं. नाना जागच्या जागी ताठ झाले. दामूने कान टवकारले.

"आवाज कसला रे तो?" त्याने विचारलं.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे पाहिलं.

"उंदीरच," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी साक्षीदार न मागता एक गोष्ट मान्य केली होती.