सूर्यास्ताला मिटणारा एडिटर

आधीच सांगून टाकतो, माझ्याकडे आहे तसा एडिटर अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणाकडे नाही! एडिटर म्हणजे वर्तमानपत्रातला संपादक नव्हे. आम्ही प्रोग्रॅमर लोक ज्यात कोड लिहितो, तो एडिटर. इंटरनेटवर फुकट मिळतो. पण मिळाला तसा वापरायचा म्हणजे नवी कोरी बुलेट घेऊन तिला जास्तीचा एक दिवाही न बसवण्यासारखं आहे. आमच्याकडे असं कुणी करत नाही!

मी माझ्या एडिटरचे रंग बदलले, अक्षरं बदलली, कुठली कळ दाबल्यावर काय व्हावं तेही बदललं. आता तो माझ्याशिवाय कुणाच्या बापाला चालवता येत नाही. माझा भागीदार मोहसीन एकदा हौसेने बसला. त्याने स्वल्पविराम द्यायला कळ दाबली आणि उघड्या होत्या तेवढ्या सगळ्या फायली मिटल्या.

"ह्यो एडिटर हाय का भुताटकी?" असं ओरडून तो उठला, तो त्या खुर्चीत परत बसला नाही. मला फार अभिमान वाटला.

पण माझी खरी करामत वेगळीच होती. आम्ही जैन. आमच्या घरी रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत. आई, म्हणजे अक्काताई, हे कधी मोडत नाही आणि मीही मोडू नये असं तिला फार वाटतं. ऑफिस राजारामपुरीत, घर दोन गल्ल्या सोडून, तरी मी कधी वेळेवर पोचत नसे. आई फोन करायची, मी "आलोच" म्हणायचो, सूर्य निघून जायचा. मग मी उपाशी झोपायचो आणि माझ्यामुळे आईलाही घास जायचा नाही. एके दिवशी वाढलेल्या ताटासमोर बसून ती रडली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि प्रोग्रॅमरला वाईट वाटलं की तो काय करणार? प्रोग्रॅम लिहिणार!

मी एडिटरलाच शिकवलं. सूर्यास्ताला थोडा वेळ उरला की तो सगळं सेव्ह करतो, आपणहून मिटतो आणि आईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात ओरडतो, "श्रेणिक! ऊठ! दिवस बुडाय लागलाय, ताट वाढलंय!" परत उघडायला जावं, तर तेच वाक्य आणखी मोठ्यानं. मग दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत उघडत नाही.

मी स्वतःला चांगला ओळखून आहे. मी पळवाटा काढणार हे मला माहीत होतं, म्हणून मी त्या आधीच बुजवल्या. कॉम्प्युटरवर दुसरा एडिटर उघडला तर तोही मिटतो. घड्याळ पुढे-मागे केलं तरी उपयोग नाही, कारण वेळ इंटरनेटवरून घेतली जाते. गावसुद्धा इंटरनेटवरूनच कळतं, उद्या मी पुण्याला गेलो तर सूर्यास्त तिथला नको का! केवढी ही दूरदृष्टी!

अगदीच आग लागली तर म्हणून एक पासवर्ड ठेवला. तो आईनेच ठरवला आणि मला तोंड फिरवायला लावून टाइप केला.

"आई, मी मागीन, गयावया करीन, वाट्टेल ती कारणं सांगीन. तू द्यायचा नाहीस!"

"न्हाईच देणार!" आई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, भगवंतापुढे नियमच घेऊन आली. एडिटर एकदा मिटला की दुसरा दिवस उगवल्याशिवाय पासवर्ड सांगायचा नाही! आणि आमच्यात नियम घेतला की विषय संपला.

मी वेळेवर जेवू लागलो. गाल वर आले. आईही हसू लागली. सगळं कसं छान चाललं होतं, आणि हुपरीचे पारसशेठ आले.

पारसशेठ पैंजणांचे मोठे व्यापारी. त्यांची सगळी डिझाइनं आणि कारागिरांकडे दिलेली कामं एका ठिकाणी दिसावीत, असा प्रोग्रॅम मी आणि मोहसीनने बनवला होता. हे काम मिळालं तर आमचं ऑफिस तरणार होतं. नाही मिळालं तर कुलूप लावून दोघांनी नोकऱ्या शोधायच्या, हे आमचं ठरलेलं होतं. पुण्याची एक कंपनीही शेठच्या मागे लागली होती.

थंडीचे दिवस, दुपारची वेळ. शेठ आले, बसले, आणि चहाआधीच मुद्द्यावर आले.

"जय जिनेंद्र. हे बघा, मला धास्ती एकच. हुपरीत घराघरांत पैंजण घडतंय. माझं नवं डिझाइन आज बाहेर कळलं, तर उद्या चार घरांत तयार हुतंय! तुमच्या कॉम्प्युटरातनं ते बाहेर जाणार न्हाई कशावरनं?"

"कडक कुलूप आहे, शेठ!" मी म्हणालो.

"समदेच असं म्हणत्यात. बरं, दाखवा."

दाखवलं. पडद्यावर पैंजणांच्या रांगा झळकल्या. शेठ खूश होतायत असं वाटेपर्यंत त्यांनी बोट ठेवलं. "ह्ये घुंगरं खाली का दाखवल्यात? वर पायजेत. पुण्याची माणसं म्हणत्यात, एवढ्या बदलाला पंधरवडा लागंल."

"पंधरवडा?" मी छाती पुढे काढली. "शेठ, चहा संपायच्या आत करून देतो!"

आणि मी एडिटर उघडला. माझी बोटं कळांवरून अशी धावायला लागली की शेठ खुर्चीतून पुढे सरकले. अर्धी ओळ लिहून झाली असेल नसेल...

"श्रेणिक! ऊठ! दिवस बुडाय लागलाय, ताट वाढलंय!"

एडिटर मिटला!

शेठने दचकून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर लख्ख ऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोहसीनकडे पाहिलं. मोहसीनने पडद्याकडे बोट केलं. मिटण्याआधी एडिटरने माझी अर्धवट ओळ इमानदारीने सेव्ह केली होती, आणि त्या अर्धवट ओळीने सगळा प्रोग्रॅम झोपवला होता. पडदा पांढराफटक!

"माझी पैंजणं कुठं गेली?" शेठचा आवाज चढला.

"आहेत, शेठ! आत आहेत!"

मी एडिटर उघडायला गेलो. "श्रेणिक! ऊठ!" या वेळी टेबलावरचे कप हलले.

"दुसऱ्या एडिटरात उघड की!" मोहसीन कुजबुजला. त्याचा स्वतःचा लॅपटॉप नेमका दुरुस्तीला गेला होता. मी दुसरा उघडला. तोही मिटला, आणि आईचा आवाज असा घुमला की जिन्यावर पावलं वाजली. खालच्या दातांच्या दवाखान्यातला एक पेशंट, तोंडात कापूस धरून, दारात उभा!

"मला कोण बोलीवलं?" तो कसाबसा म्हणाला. त्याचंही नाव श्रेणिक होतं!

त्याला बसवलं. तोही चहा हातात घेऊन पुढे काय होतंय ते बघू लागला. मी घामाने भिजलो होतो. एडिटरला झालंय काय? बॅटरी बघितली, वायर ओढून बघितली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तिकडे मोहसीन नखं खात होता. अचानक त्याने कपाळावर हात मारला.

"आयला, टोकियो!"

एका जपानी कंपनीचं किरकोळ काम आम्ही घेतलं होतं. त्यांची अट अशी, की आमचं इंटरनेट त्यांच्या टोकियोच्या कॉम्प्युटरमधून फिरून आलं पाहिजे. मोहसीनने सकाळीच तशी जोडणी केली होती. आमच्याकडे दुपार असली तरी टोकियोत दिवस बुडत आला होता, आणि माझ्या दूरदृष्टीच्या एडिटरने मला टोकियोत नेऊन बसवलं होतं!

"तोड ते टोकियो!"

मोहसीनने तोडलं. पण एकदा मिटलेला एडिटर उद्याशिवाय उघडणार थोडाच! ती पळवाट बुजवणारा हुशार माणूस मीच! आता एकच आशा उरली. मी आईला फोन लावला. घाईत स्पीकर चालू झाला.

"आई, पासवर्ड सांग पटकन!"

"मिटला व्हय एडिटर?"

"मिटला, पण..."

"मग न्हाई."

"अगं, दुपार आहे! बाहेर बघ!"

"बघतोय की. शेंगा वाळत घालाय बसलोय. पर मिटलाय न्हवं?"

"तो जपानच्या सूर्यास्ताला मिटलाय, आई!"

पलीकडे शेंगांचं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "तूच म्हणालतास, मी काय बी कारणं सांगीन म्हणून. पर थेट जपान? एवढ्या लांब जाशील असं वाटलं न्हवतं रं!"

मोहसीनने फोनकडे तोंड नेलं. "काकू, मी मोहसीन. आईशप्पथ, खरंच जपान हाय!"

"तुला बी फितीवलं व्हय त्यानं? तुझ्यासाठनं धपाटी ठेवल्यात, संध्याकाळी ये."

"येतो, काकू," म्हणून मोहसीन बाजूला झाला. एका धपाट्यावर भागीदार फुटला!

मग मात्र माझा धीर सुटला. "आई, समोर शेठ बसलेत. हे काम गेलं तर ऑफिस बंद पडेल गं. आमचं सगळं जाईल."

"बाळा, माझा जीव तुटतोय," आई म्हणाली. "पर नियम मोडाय न्हाई यायचा. ऑफिस गेलं तर दुसरं काढू. मी हाय की."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दातवाल्या श्रेणिकच्याही आलं, पण त्याचं दातामुळे असावं.

"आणा तो फोन हिकडं," पारसशेठ म्हणाले. "अक्काताई, जय जिनेंद्र. मी हुपरीचा पारस. काम माझंच अडलंय. माझ्यासाठनं तरी सांगा पासवर्ड!"

"जय जिनेंद्र, पावणं. राग मानू नका. पोटच्या पोराला सांगितला न्हाई, तुम्हास्नी कसा सांगू? त्यापरास जेवाय या घरी, दिवस हाय तवर."

शेठने फोन हळूच टेबलावर ठेवला. संपलं सगळं! मी मनातल्या मनात ऑफिसच्या दाराला कुलूप लावलं.

"पुण्याच्या माणसांनी मला भिंतीवरची सर्टिफिकेटं दावली," शेठ सावकाश बोलू लागले. "आमचं कुलूप लई भारी म्हणाले. मी इचारलं, किल्ली कुणाकडं ऱ्हाणार? तर एकमेकांच्या तोंडाकडं बघाय लागली. आणि हितं पोरगं रडतंय, गिऱ्हाईक हात जोडतंय, तरी ती माउली हलना! हिच्याकडं माझी डिझाइनं शंभर वर्षं राहत्याल. काम तुमचं!"

मोहसीनने मला उचललं! खरोखर उचललं, आणि गोल फिरवलं! दातवाल्या श्रेणिकने कापूस काढून शिट्टी मारली. मी शेठचा हात एवढा हलवला की त्यांनीच शेवटी तो सोडवून घेतला. पुण्याच्या कंपनीला चारी मुंड्या चीत केलं होतं, आणि तेही बिघडलेल्या प्रोग्रॅमने! दुसऱ्या दिवशी सूर्याबरोबर एडिटर उघडला, घुंगरं वर गेली, आणि दुपारी आम्ही हुपरीत करारावर सह्या केल्या.

तेव्हापासून डिझाइनांचा पासवर्ड शेठच्या अटीप्रमाणे आईकडे असतो. आज हुपरीतले आणखी काही व्यापारी आमच्याकडे आलेत, ऑफिस जोरात आहे, नवीन पाटीसुद्धा लावलीय.

परवा त्यातल्याच एका व्यापाऱ्याचा ऑफिसात फोन आला. "अक्काताई हाईत का?"

"आई घरी आहे," मी रुबाबात म्हणालो. "मी कंपनीचा मालक बोलतोय. काय काम होतं?"

"न्हाई, ऱ्हाऊ द्या. कंपनीतल्या कुणाला काय बी सांगायचं न्हाई, असं मालकीणबाईंनी सांगितलंय!"