स्पर्शाचे चाळीस तास

बेया विस्ताच्या तंत्रशिक्षण केंद्रात जूनच्या पहिल्या सोमवारी चोवीस तंत्रज्ञांचे पीएलसीचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण विधिवत सुरू झाले. पीएलसी म्हणजे कारखान्यातला पट्टा कधी फिरावा आणि भट्टी कधी थांबावी हे ठरवणारी डबी. प्रशिक्षणार्थी चोवीस होते, डबी एक होती. उरलेल्या तेवीस डब्या राजधानीत, असुन्सिओनच्या जकात गोदामात असून त्यांची प्रकृती उत्तम असल्याचे पत्र आले होते.

विल्फ्रिदो ओखेदाला मात्र यात हसण्यासारखे काही दिसत नव्हते. चहासारख्या येर्बाची पाने भाजणाऱ्या कारखान्यात त्याने एकवीस वर्षे यंत्रांचे विजेचे पॅनेल सांभाळले होते, तिथली नवी डबीही त्यानेच बसवली होती. पण विमा कंपनीने कळवले होते की एक जुलैपासून प्रमाणपत्र नसलेल्या माणसाने पॅनेलला हात लावू नये. कागद मिळाला नाही तर एकवीस वर्षे पाण्यात जाणार होती.

अडचण नियम सातची होती. प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या हाताचा उपकरणाशी चाळीस तास संपर्क आवश्यक होता, आणि अख्खे प्रशिक्षणच चाळीस तासांचे होते. प्रशिक्षक फारिन्यासाहेबांनी कागदावर भागाकार केला, मग उठून तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला येर्बाचा चहा, प्याले आणि परत येऊन म्हणाले, "नियमात संपर्क म्हटलंय. थेट संपर्क कुठं म्हटलंय? तार कितीही लांब असली तरी वीज पोचतेच ना?"

त्याप्रमाणे पहिल्याने डबीवर तळवा ठेवला, दुसऱ्याने पहिल्याच्या खांद्यावर, तिसऱ्याने दुसऱ्याच्या, आणि रांग व्हरांड्यापर्यंत गेली. विल्फ्रिदो चौथा होता. त्याच्या मागे पोर्फिरियो न्हावी होता, कारण तंत्रज्ञ तेवीसच मिळाले होते आणि यादीत ओळी चोवीस होत्या. मोकळ्या हातांतून तेरेरेचा एकच पेला पुढून मागे फिरे. आपली पाळी कशी धरावी आणि कधी सोडावी हे या मंडळींना शिकवावे लागले नाही.

"साहेब, डबी चालू करायची का?" मंगळवारी विल्फ्रिदोने विचारले.

"वेड लागलंय का तुला? सील तुटेल! मग पुढच्या तुकडीला नवी डबी काय दाखवू, माझं डोकं?"

"पण प्रोग्राम कसा लिहायचा ते..."

"ते पुस्तकात आहे. हे प्रात्यक्षिक आहे."

पोर्फिरियो मागून कुजबुजला, "गप उभा राहा रे बाबा. हात दाखवून अवलक्षण नको. तुझी मान मात्र भादरायला झालीय, दोन दिवस तीच बघतोय मी."

शुक्रवारी, सदतीस तास भरलेले असताना, कारखान्याच्या मालकीण कुनेर्तबाईंचा फोन आला. पट्टा थांबला होता. फाटकाबाहेर ओल्या पानांचे नऊ ट्रक उभे होते, आणि तोडलेले पान वेळेत भाजले नाही तर काळे पडते.

"विल्फ्रिदो, ये रे बाबा! नऊ घरांची तोड आहे. सगळी वाया जाईल!"

विल्फ्रिदोने फारिन्यांकडे पाहिले. ते दुखावल्यासारखे म्हणाले, "तू गेलास तर मागच्या वीस जणांचा संपर्क तुटेल. त्यांच्या बायकापोरांचा तरी विचार कर."

त्याला खरोखर वाईट वाटले. चार दिवस पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांना तोंडघशी पाडायचे त्याच्या जिवावर आले. पण नऊ ट्रकांतली पाने कोणाच्या खांद्यावर हात ठेवून भाजली जाणार नव्हती. तो निघाला. पोर्फिरियो एक पाऊल पुढे सरकला, त्याने तिसऱ्याचा खांदा धरला, आणि अकरा सेकंदांच्या खंडाची रीतसर नोंद झाली.

कारखान्यात पट्ट्यावर पहारा करणारा इलेक्ट्रॉनिक डोळा धुळीने माखला होता, आणि पट्टा तुंबला आहे अशी डबीची समजूत झाली होती. विल्फ्रिदोने शर्टाच्या टोकाने डोळा पुसला आणि ओले पान जड असते म्हणून प्रोग्राममधली पट्टा थांबवण्याआधीची तीन सेकंदांची सवड आठ सेकंद केली. चाळीस मिनिटांत पट्टा फिरला. मालकिणीने त्याला सर्वांसमोर मिठी मारली. तो धावत केंद्रावर परतला.

"साहेब, मी चाळीस मिनिटं खऱ्या डबीला हात लावून आलोय. चालू डबीला! ती हिशेबात धरा."

फारिन्यांनी नियमावली चाळली. "चालू डबीचा उल्लेख नाही यात. आणि तिथं तुझ्या हाताला धरून कोण होतं? साक्षीदार?"

विल्फ्रिदो नापास झाला. पोर्फिरियोला खंड कुशलतेने भरून काढल्याबद्दल विशेष प्रावीण्य मिळाले.

एक जुलैला मालकिणीने डोळे पुसत पोर्फिरियोला मुख्य तंत्रज्ञ नेमले आणि विल्फ्रिदोला निम्म्या पगारावर त्याचा मदतनीस केले. पॅनेलला हात लावायची परवानगी पोर्फिरियोलाच होती, म्हणून तो विल्फ्रिदोच्या खांद्यावर हात ठेवून उभा राही आणि काम विल्फ्रिदो करी. विमा कंपनीचा माणूस पाहून गेला. पद्धत शास्त्रशुद्ध असल्याचा शेरा त्याने मारला. "माझाच हात अवघडतो रे दिवसभर," पोर्फिरियो कुरकुरे.

डिसेंबरात, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात अंगाची लाही होत असताना, विल्फ्रिदोचा फ्रीज बंद पडला. बर्फ नाही म्हणजे तेरेरे नाही. बायकोने शेजारच्या ओब्दुलियाबाईला, सगळ्यांच्या न्या ओब्दुलियाला, बोलावले. गल्लीतले निम्मे फ्रीज ती बारा वर्षे दुरुस्त करत आली होती. तिने फ्रीज ओढून पुढे घेतला, मागे कान लावला आणि म्हणाली, "मोटर चालू करणारा रिले गेलाय. अर्ध्या तासात करून देते."

विल्फ्रिदो दारात आडवा उभा राहिला.

"न्या ओब्दुलिया, राग मानू नका, पण... तुमच्याकडे कागद आहे का काही? शिक्क्याचा?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिले, पिशवी उचलली आणि घरी गेली. आठ दिवस त्या घरातली माणसे कोमट पाणी प्याली. नवव्या दिवशी शहरातून शिक्केवाला आला, आणि त्याचे कार्ड दोनदा वाचून मगच विल्फ्रिदोने त्याला खुर्ची दिली.

तुम्हाला त्याचे हसू येत असेल तर खुशाल हसा. फक्त, हे सगळे सांगणाऱ्याला पीएलसीतले कितपत कळते आणि त्याच्याकडे तसा काही कागद आहे का, हा प्रश्न आत्ता मनात आला असेल, तर जरा हळू हसा.