पंपाचं कुलूप

"आपल्या बिल्डिंगमधली कुठली वायर कुठे जाते, ते मी डोळ्यांवर पट्टी बांधून सांगेन!" असं म्हणत अर्थिंग सरांनी टायची गाठ आवळली. ती इतकी आवळली गेली की पुढचं वाक्य त्यांना खुणांनीच पुरं करावं लागलं.

"अहो, आधी श्वास घ्या. मग परदेशात जा," बायको म्हणाली.

सर तंत्रशिक्षण संस्थेत वायरिंग शिकवायचे. विषय पंख्याचा असो की पाण्याच्या मोटारीचा, गाडी सुटायची ती अर्थिंगवरूनच! म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. पुढे प्राचार्यसुद्धा तेच वापरायला लागले. शिकवायचा सरांना कधी कंटाळा आला नाही. पण वर्कशॉपमध्ये आख्ख्या वर्गाला मिळून धड चालणारा टेस्टर एकच, आणि तोही सरांच्या घरचा! नळाला रांग लावावी तशी मुलं टेस्टरला रांग लावायची. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं हत्यार आहे अशा वर्गात एकदा तरी शिकवायचं, एवढीच सरांची इच्छा होती.

परदेशातल्या एका संस्थेला वायरिंगचा शिक्षक हवा होता. याआधी दोन ठिकाणांहून 'वय जास्त आहे' असं सांगून सरांची बोळवण झाली होती. इथे मात्र थेट व्हिडिओवर मुलाखत ठरली. अट एकच : ज्याला विजेतलं काही कळत नाही अशा माणसाला आमच्यासमोर शिकवून दाखवा.

सरांनी आपले दोस्त, वेल्डिंगचे सर, यांना अडाणी विद्यार्थी व्हायला तयार केलं. कुठला प्रश्न कधी विचारायचा, कुठे 'अच्छा, असं होय!' म्हणायचं, सगळं पाठ करून घेतलं. वेल्डिंग सर इतके रंगले की तालमीत दोनदा टाळ्या वाजवून बसले.

राहता राहिला पाण्याचा पंप. तो सुरू झाला की घरातले दिवे मान टाकायचे आणि इंटरनेटही. म्हणून मुलाखतीच्या थोडं आधी सर मीटरच्या खोलीत गेले. स्विचवरची नावं केव्हाच पुसून गेली होती. पण डोळ्यांवर पट्टी बांधून सांगणाऱ्याला नावं कशाला हवीत? सरांनी एक स्विच बंद केला, त्याला कुलूप लावलं, 'काम चालू आहे, हात लावू नये' अशी पाटी अडकवली आणि किल्ली खिशात टाकली. अगदी वर्गात शिकवतात तसं!

वर जायला लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट येईना.

"या लिफ्टचं काही खरं नाही!" असं पुटपुटत ते जिन्याने चार मजले चढून आले.

घरी येऊन त्यांनी हेल्मेट घातलं, रबरी हातमोजे चढवले आणि फोन बंद करून बायकोच्या हातात दिला. "जग बुडालं तरी मला हाक मारायची नाही!"

"आणि वेल्डिंग सर?"

"येतीलच. निघालोय म्हणाले होते."

लॅपटॉपवर दोन चेहरे उगवले. एक चष्मेवाल्या बाई आणि एक दाढीवाले गृहस्थ. नमस्कार-चमत्कार झाले. बाईंनी इंग्रजीत विचारलं, "तुमचा विद्यार्थी कुठे आहे?"

विद्यार्थ्याचा पत्ता नव्हता! सरांनी घरभर नजर फिरवली. कोपऱ्यात सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. चार दिवस लेकीकडे राहायला आलेल्या.

"आई, जरा इथे येऊन बसता का?"

"मी? अहो जावईबापू, मी तर प्लग काढतानाही डोळे मिटते!"

"उत्तम! अगदी असंच माणूस हवंय!"

सासूबाई पदर सावरून टेबलाशी येऊन बसल्या. समोर लाकडी बोर्ड, त्यावर स्विच, होल्डर आणि एक दिवा. सर इंग्रजीत पाहुण्यांना सांगत आणि मराठीत सासूबाईंना. मध्येच गल्लत होऊन बाईंना मराठी ऐकावं लागे आणि सासूबाईंना इंग्रजी. दोघीही माना डोलवत होत्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. धाड! धाड! धाड!

"काय झालं?" दाढीवाल्यांनी विचारलं.

"काही नाही, शेजारी काम चालू असेल," सर हसून म्हणाले. दाराशी वॉचमनचा आवाज आला. बायकोने त्याला उंबऱ्यावरच अडवलं. "आत मुलाखत चाललीय. हू की चू करायचं नाही!" बिचारा तोंडावर बोट ठेवून उभा राहिला.

सर रंगात आले होते. "तर आई, दुरुस्तीला हात घालण्याआधी काय करायचं? स्विच बंद. मग त्याला कुलूप. आणि किल्ली आपल्या खिशात. म्हणजे दुसरा कुणी चुकून चालू करणार नाही. कळलं?"

"कळलं. पण जावईबापू, एक विचारू?"

"विचारा की!"

"जो बंद केला तो याच दिव्याचा स्विच होता, हे कशावरून?"

सर हसले. "त्यासाठी तर टेस्टर! आधी तपासून बघायचं की खरंच..."

आणि त्यांचं हसू जागच्या जागी विझलं. आपण तपासलं होतं? नव्हतं! लिफ्ट का आली नाही? वेल्डिंग सर का आले नाहीत? आणि ते धाड धाड...

"अहो, हा म्हणतोय लिफ्ट अडकलीय!" वॉचमन शेवटी कुजबुजला, तेव्हा बायकोला राहवेना. "आत वेल्डिंग सर आहेत!"

सरांचा हात खिशाकडे गेला. खिशातली किल्ली निखाऱ्यासारखी भाजायला लागली. समोर दोन परदेशी चेहरे, पलीकडे तो स्वप्नातला वर्ग. अजून थोडाच वेळ काढायचा होता. वॉचमनच्या हाती किल्ली दिली तर? पण ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते काढायचं, हा नियम रोज घसा फोडून सांगणारे ते स्वतःच!

"माफ करा," सर इंग्रजीत म्हणाले, "मी चुकीच्या स्विचला कुलूप लावलंय. माझा मित्र लिफ्टमध्ये अडकलाय. मला जावं लागेल."

आणि हेल्मेट, टाय, रबरी हातमोजे अशा थाटात ते जिन्यावरून जे सुटले ते थेट मीटरच्या खोलीत! हातमोज्यांमुळे किल्ली सापडेना, सापडली तर कुलपात जाईना. शेवटी कुलूप निघालं आणि लिफ्ट खाली आली. आतून वेल्डिंग सर भट्टीतून काढल्यासारखे लालबुंद बाहेर पडले.

"मुलाखत झाली?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "मी आतून ओरडून प्रश्न विचारत होतो. ऐकू आले का?"

सरांनी त्यांना मिठीच मारली.

दोघं वर आले तर घरात निराळंच चाललं होतं. सासूबाईंनी हातमोजे नाहीत म्हणून भांडी घासायचे मोजे चढवले होते. बोर्डाचा प्लग काढून, टेस्टर लावून, त्या दिवा बदलत होत्या. लेक दुभाष्याचं काम करत होती.

"त्या बाईंना सांग, घाई करायची नाही! आधी तपासायचं!"

दिवा लागला. परदेशात टाळ्या वाजल्या.

सर मान खाली घालून कॅमेऱ्यासमोर बसले.

"फार सुरेख बसवलं होतंत," दाढीवाले म्हणाले. "लिफ्टचा तो प्रसंगसुद्धा! किती दिवस तालीम केलीत?"

वेल्डिंग सरांनी मागून कोपरानं ढोसलं, 'हो म्हण, हो म्हण!'

सरांनी त्यांचं कोपर बाजूला सारलं. "तालीम नव्हती. माझा गाढवपणा होता. रोज मुलांना जे शिकवतो ते आज मीच केलं नाही."

पलीकडे दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "ही गोष्ट आमच्या मुलांना याच शब्दांत सांगाल?"

"पहिल्याच तासाला!" सर म्हणाले. अर्थिंगचा धडा दुसऱ्या तासावर ढकलायची तयारी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दाखवली!

आठवड्याभरात निवडीचा ईमेल आला. सरांनी तो तीनदा वाचला, वेल्डिंग सरांनी मोठ्यांदा वाचला, सासूबाईंनी तो बिल्डिंगभर सांगितला, 'जावयांना मीच नोकरी लावली' या दुरुस्तीसह. दोन महिन्यांत रुजू व्हायचं होतं. बायकोने डोळे पुसले.

"दोन महिने म्हणजे पुष्कळ झाले," ती म्हणाली.

"पुष्कळ? अगं, पासपोर्ट, तिकिटं, सामान... कशाला पुष्कळ?"

"बाथरूममधला दिवा दुरुस्त करायला. वर्ष झालं, मेणबत्तीवर आंघोळी चालल्यात!"

"उद्या नक्की!" सर म्हणाले. आणि आता सवय व्हायला हवी म्हणून तेच इंग्रजीतही म्हणून घेतलं.