नाव ठरेपर्यंत

आमच्या शेजारचे दादाराव काका घरात चहा मागतात, तोही सूचना देऊन. एक हात कानावर, दुसरा भोंग्यासारखा तोंडाशी, आणि मग गल्लीला ऐकू जाईल असं, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! सकाळपासून रखडलेला चहा फलाट क्रमांक एकवर येत आहे काय?" आतून शेवंता काकू तितक्याच जोरात उत्तर देतात, "गाडी रद्द हाय! दूध नाई!"

काकांची सगळी नोकरी कारंजाच्या एसटी स्टँडवर गेली. खिडकीत बसून गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि माइकवर मंगरूळपीर, मानोरा, पोहरादेवी पुकारत राहायचं. निवृत्त झाले तेव्हा माइक स्टँडवर राहिला, पुकारणं मात्र घरी आलं. देवळात आरती संपली की हे "मागच्यांनी पुढे सरकावे" म्हणतात. लग्नात पंगत बसली की वाढणाऱ्याला "जादा गाडी सोड बे" असं सांगतात. लोक हसतात, आणि सरकतातही.

माझं स्टँडजवळ लेबलं-पत्रिका छापायचं दुकान आहे, म्हणून मी या भानगडीत सापडलो. काकूंच्या हाताला चव मोठी. काडीवर वळून उन्हात वाळवलेले गव्हाचे सरगुंडे खावे तर त्यांच्याच हातचे. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रशांत बंगळूरला नोकरीला आहे. त्यानं ठरवलं, आईचे सरगुंडे, कुरड्या, जवसाची चटणी ऑनलाइन विकायची. वेबसाइट तयार झाली, डबे आले, गल्लीतल्या बायका पदर खोचून तयार. अडलं फक्त नावाशी. नाव ठरलं की लेबल, लेबल झालं की धंदा. प्रशांत म्हणाला, "नाव बाबा ठरवतीन," आणि तिथंच माशी शिंकली.

काकांचं म्हणणं असं, "नाव म्हंजे पुकारायची चीज हाय. पुकारलं का फलाटावरचा मानूस चढला पायजे." म्हणून प्रशांतनं नाव सुचवायचं, मी त्याचं नमुन्याचं लेबल छापून न्यायचं, आणि काकांनी ओट्यावर उभं राहून ते रस्त्याकडे तोंड करून पुकारायचं. 'वऱ्हाडी तडका' पुकारून झाल्यावर म्हणाले, "हे ढाब्याचं नाव हाय बे. ट्रकवाले उतरतीन." 'विदर्भ नॅचरल्स' ऐकून म्हणाले, "याच्यात केसाचं तेल असन." 'मॉम्स किचन'ला तर त्यांनी उभंही केलं नाही. "हे मॉम कोन होय? तुही काकू नववी पास हाय!" मी हिय्या करून 'शेवंता फूड्स' नेलं. ते पुकारत होते तेवढ्यात काकू लाटणं घेऊन बाहेर आल्या. "माह्या नावानं भोंगा वाजवाल तं जेवन बंद!"

माझ्या दुकानात फेटाळलेल्या लेबलांची थप्पी लागली. बायका रोज विचारायच्या, "झालं काय हो बारसं?" मी वैतागून गेलो होतो. पण काकांचा उत्साह काही ओसरेना. प्रशांतचा व्हिडिओ कॉल रोज संध्याकाळी येई. काका बरंच आधीपासून इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून, अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून बसत. रेंज तिथंच येते. मधूनमधून फोन पुसायचे आणि म्हणायचे, "आज कोनतं नाव पाठवते पोट्टा, काय माईत!" मला वाटायचं, म्हाताऱ्याला या वयात धंद्याचं वारं लागलं.

मग परवा प्रशांतनं नाव पाठवलं, 'ओसरी'. मी मातीच्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत छापलं आणि बघतच राहिलो. झकास! तसाच उठलो आणि काकांकडे घेऊन गेलो. काका ओट्यावर उभे राहिले. "ओसरी! ओसरीकडे जाणाऱ्या..." इथवर आले आणि त्यांचा आवाज आपोआप उतरला, कुणाला तरी घरात घ्यावं तसा. रस्त्यानं सायकलवर चाललेले एक गुरुजी पाय टेकवून थांबले. "काय निंगालं काका? कोठी भेटते हे?" काकू दारातून म्हणाल्या, "हे चांगलं हाय." काकांनी लेबलावरून नुसता हात फिरवला. मी म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

फोन आला. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "नाई जमत बाप्पा. ओसरी म्हटलं का मानूस बसून जाते. धंदा पयाला पायजे."

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो. "काकू, धंदा तुमचा हाय. तुमी काहून बोलून नाई राह्यल्या?"

काकू काडीवर पीठ वळत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "तुले ठाऊक नाई. नोकरीत असतानी एखादी धनज गावची बाई लेकरू कडेवर घेऊन पयत येतानी दिसली, का हे गाडीची नोंदच करत नोते. 'पेन कोठी गेला बे माहा?' म्हनून टेबल धुंडाळत बसत. पेन कानावर! कंडक्टर बोंबलत राहे, पन नोंदीबिगर गाडी उभीच. बाई चढली का पेन सापडे."

"त्याचं आता काय?"

"आता काय मंग? हे नावाचं निंगाल्याच्या आंदी प्रशांतचा फोन सणावाराले येत होता. बरे हा काय, बरा हाव, ठेवतो. आता रोज येते. नाव ठरलं का तो त्याच्या कामात, आमी आमच्या घरात. परवा झोपतानी मले म्हने, शेवंता, गाडी सुटली का फलाट रिकामा होते." काकूंनी काडीवरचा सरगुंडा अलगद सोडवून परातीत ठेवला. "धंद्याची घाई मले बी हाय रे. पन पोराचं तोंड रोज दिसून राह्यलं ना."

इतके दिवस मी तो इस्त्रीचा सदरा धंद्यासाठी समजत होतो.

तेवढ्यात अंगणातून हाक आली, "अबे, इकडे ये. पोट्टा आयकत नाई, तू सांग त्याले." काकांनी माझ्या हातात फोन दिला आणि लिंबाकडे बघत बसले. फोनमध्ये प्रशांत. मागे कोरी भिंत, पुढ्यात ताट. "भाऊ, तुमी छापून पायलं," तो म्हणाला. "खरं सांगा, कसं दिसते?"

लेबल माझ्या दुसऱ्या हातातच होतं. इतकं देखणं लेबल माझ्या मशीनमधून आजवर निघालं नव्हतं.

"नाई रे प्रशांत," मी म्हणालो. "छापल्यावर मजा नाई येत. दुसरं पाय."

तो चिडेल असं वाटलं होतं. त्यानं मान हलवली, ताट फोनच्या आणखी जवळ ओढलं आणि म्हणाला, "बरं. मले बी काही घाई नाई. उद्या पाहू. बाबाले द्या... बाबा, जेवले काय तुमी?"

"नाई अजून. तुह्या ताटात काय हाय? दाखव बरं."

काकू पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या आणि काकांच्या खांद्यावरून फोनमध्ये वाकल्या. मी लेबल घडी करून खिशात घातलं आणि फाटक हळूच लावून घेतलं. मागून काकूंचा आवाज येत होता, "एवढासाच भात काहून घेतला रे?"