डब्यात काय होतं?

दुपारी चार वाजता स्वतःचं मूल परत हवं असेल, तर त्याच्या डब्यात आज काय होतं ते सांगा. नाही आलं सांगता, तर बसा बाकावर. विद्यानगरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी शिबिरात हा नियम फाटक सांभाळणाऱ्या किशनराव मुदखेडकरांनी आणला. "ओळखपत्र कुणी पण छापतं बाई," फाटकाजवळ हजेरी लिहिणाऱ्या मला ते म्हणाले. "पोराला काय दिलंय ते घरच्यालाच माहीत असतं."

किशनराव आबकारी खात्यातून रिटायर झालेले. आयुष्यभर दारूच्या बाटल्यांचे वास घेतले, ती सवय काही सुटेना. सकाळी दहाला फाटकावर उभे राहून ते प्रत्येक पोराची पाण्याची बाटली उघडून हुंगायचे. लिंबूपाणी निघालं की भुवया चढायच्या. "कुछ तो भी है," म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चित्रकलेच्या मास्तरांनी गोंदाची नवी बाटली आणली तेव्हाही कुछ तो भी होतं, आणि कुल्फीवाल्याने गाडी रोजच्यापेक्षा दहा पावलं अलीकडे लावली तेव्हाही होतं. पोरं त्यांना 'पोलीस ताता' म्हणायची; ताता म्हणजे तेलुगूत आजोबा.

बाटलीनंतर डबा. उघडायचा, बघायचा, खिशातल्या वहीत लिहायचं. चार वाजता तीच वही घेऊन आयाबापांची तोंडी परीक्षा! आया पास व्हायच्या. बाप मात्र धडाधड नापास. एक साहेब अर्धा तास घाम पुसत बसले होते. "पोळी-भाजी," ते म्हणाले. "कुठली भाजी?" किशनराव म्हणाले. "हिरवी..." त्यांचं पोरगं तिकडून ओरडत होतं, "डॅडी, इडली होती! इडली!" तर किशनरावांनी त्यालाच दटावलं, "ए, कॉपी नक्को!"

तक्रारी झाल्याच. शिबिराच्या प्रमुख कुलकर्णीबाईंनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही फाटकाजवळच असता, तेवढं लक्ष ठेवा. आणखी एक तक्रार आली की मी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगणार."

आता खरं सांगते, मीही काही कमी संशयी नाही. दूधवाल्याने 'नमस्ते' जरा गोड म्हटलं तरी मी दूध दोनदा तापवते. लक्ष ठेव म्हटल्यावर मला माणसात खोट दिसायलाच लागली. किशनराव सगळ्या जगाचे डबे उघडायचे, पण स्वतःचा डबा सामानाच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून खायचे. का बरं? त्यात दडवण्यासारखं काय असावं?

आणि मग ती चिठ्ठी दिसली. सान्वी नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिचे वडील कुकटपल्लीच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे आणि सुटले की स्कूटरवरून थेट इकडे यायचे. किशनराव फाटकाच्या गजातून त्यांच्या हातात घडी घातलेला कागद सरकवायचे. ते हेल्मेट काढायच्या मिषाने तो वाचायचे आणि खिशात घालायचे. मग परीक्षा, आणि हा बाप रोज पैकीच्या पैकी!

एक दिवस झाला, दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. जगावर संशय घेणारा माणूस एकाच बापाला पेपर फोडून देतो? आणि तोही एका लहान मुलीच्या बाबतीत? हा माणूस तिचा बाप तरी आहे का? मी सरळ फाटकात आडवी गेले.

"ती चिठ्ठी दाखवा."

वडील गोरेमोरे झाले. त्यांनी किशनरावांकडे पाहिलं. किशनराव माझ्याकडे बघेनात. शेवटी वडिलांनी कागद माझ्या हातावर ठेवला. बारीक, सरकारी अक्षरात लिहिलं होतं: 'दहीभात. लोणचं वेगळ्या डबीत. डाळिंब स्वतः सोललं, बोटं लाल. मैत्रिणीला दाणे दिले. अर्धा भात राहिला, दही आंबट होतं, उद्या ताजं आणावं.'

"हळू वाचा हो, पोरगी ऐकेल," किशनराव पुटपुटले. सान्वी पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती.

मग त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं. सान्वीची आई मागच्या वर्षी गेली. वडील पहाटेच निघतात, पोरगी आपला डबा आपणच भरते. शिबिराच्या पहिल्या दिवशी नियमाप्रमाणे त्यांनी वडिलांना विचारलं, डब्यात काय होतं? बापाला सांगता आलं नाही. सगळ्यांसमोर पोरीने मान खाली घातली. "माझ्या नियमाने तिला रडवलं बाई. आता तिच्यापुरता नियम काढला, तर सगळे विचारतील का काढला. म्हणून हे." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "तो बरोबर सांगतो ना, तेव्हा तिचा चेहरा बघा एकदा."

बघितला मी. वडील म्हणाले, "दहीभात, आणि डाळिंब तू स्वतः सोललंस." पोरगी अशी काही फुलली की मला माझीच लाज वाटली. किशनरावांनी वहीत बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हौ, बरोबर. घेऊन जा."

कुलकर्णीबाईंनी विचारलं, "काही सापडलं का?" मी म्हटलं, "कुछ तो भी नै."

शिबिराचा शेवटचा दिवस. शेवटचं पोर गेलं. किशनराव वही खिशात घालून निघाले, तशी मला चेष्टेची लहर आली. मी फाटकाला हात लावून उभी राहिले. "थांबा किशनराव. तुमच्या डब्यात काय होतं?"

मला वाटलं हसतील. ते थांबले.

"भेंडी," ते म्हणाले. "करपली थोडी. मीठ टाकायचं राहिलं. भाकर कालची होती." मग चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला. "आमची ही होती तेव्हा घरात पाय टाकला की विचारायची, डबा संपला का, कसा झाला होता. सहा वर्षं झाली बाई. त्यानंतर आज तुम्ही विचारलंत."

"बरोबर," मी कशीबशी म्हणाले. पुढचं वाक्य होतं 'घेऊन जा', पण त्यांना न्यायला कोण येणार होतं? मी माझी पिशवी उचलली आणि बसस्टॉपपर्यंत त्यांच्यासोबत गेले.