रायफल तपासणीत आहे

परचुरेकाकांना पोकळ वस्तू दिसली की तिच्यातून आरपार बघितल्याशिवाय राहवत नाही. नळाचा पाइप, बांगडी, बासरी, चकलीचा सोऱ्या, काहीही चालतं. माझ्या बहिणीच्या लग्नात सनईवाला पान खायला उठला, तेवढ्यात काकांनी त्याची सनई उचलून मांडवातल्या दिव्याकडे धरली, एक डोळा मिटला आणि जाहीर केलं, "आत कचरा आहे." त्यानंतर त्या बिचाऱ्याने जे काही वाजवलं ते सगळं रडवेलंच वाजलं.

यात त्यांचा दोष नाही. साताऱ्याहून भोपाळला आले तेव्हापासून त्यांनी पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहून कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यातच हयात काढली. मोठमोठ्या नळ्या आतून बघायच्या आणि ओके म्हणायचं, किंवा म्हणायचं नाही. त्यांचं नाव झालं ते न म्हणण्यामुळे. मी त्याच कारखान्यात ज्युनियर होतो. आमच्या शॉपची, म्हणजे वर्कशॉपची, मंडळी तयार माल घेऊन त्यांच्या टेबलापुढे मुलीच्या बापासारखी उभी असायची. "घाई नको," काका म्हणायचे. "माल बोलतो. आपण ऐकायचं."

निवृत्त झाल्यावर त्यांनी अयोध्या नगरात माझ्या शेजारी घर बांधलं आणि सगळा उत्साह आमच्यावर आला. माझ्या गॅसची नळी त्यांनी इतक्या वेळा काढून बघितली की शेवटी ती खरंच गळायला लागली.

अशात एका रविवारी सकाळी ते दारात उभे. "चल. रायफल बघायची आहे."

जुन्या भोपाळात, शहाजहानाबादेत, मिर्झासाहेब म्हणून कुणी वृद्ध गृहस्थ शिकारीची जुनी रायफल विकतायत, ही बातमी त्यांना न्हाव्याकडे लागली होती. शिकारबंदी होऊन जमाना लोटलेला. काका अंडंसुद्धा न खाणारे. काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "घरात झुरळ निघालं तर स्टुलावर चढून मला हाका मारतात. आणि निघाले वाघ मारायला!"

"मारायचंय कुणाला?" काका वैतागले. "रायफल घेण्यालायक आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे."

स्कूटर माझी आणि डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू त्यांचा, त्यामुळे रविवारही माझाच गेला.

मिर्झासाहेब उंच, हाडकुळे, शेरवानीची गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेले. समोर टेबलावर पांढरी चादर आणि तिच्यावर रायफल. घरात ते दोघंच, म्हणजे ते आणि रायफल. मुलगा हैदराबादला असतो. बंदूक विका, घराला कुलूप लावा आणि इकडे या, असा त्याने लकडा लावला होता. बंदूक मागे टाकून घराला कुलूप लावता येत नाही, म्हणून आधी तिची विल्हेवाट लावणं भाग होतं. ती गेली की मिर्झासाहेबही गेले.

काकांनी बराच वेळ नळीत डोळा घातला आणि मग आपल्या हिंदीत निकाल दिला. "नळी में बारीक ओरखडा है."

"अमाँ, ये ओरखडा क्या होता है?"

"खरोंच," मी सांगितलं.

मिर्झासाहेब ताडकन उठले. "खरोंच! इंजीनियर साहब, इस बंदूक ने शेर देखे हैं!"

मग टपरीवरून चहा आला, वाघाची गोष्ट आली, तपासणी अर्धी राहिली आणि हेच दर रविवारी व्हायला लागलं. वाघाच्या गोष्टीत मिर्झासाहेब नेम धरायचे, तेवढ्यात जनावर त्यांच्याकडे बघायचं आणि त्यांना दया यायची. पहिल्या रविवारचा वाघ पुढच्या रविवारी बिबट्या व्हायचा, त्याच्या पुढच्या रविवारी रानडुक्कर, पण दया कायम. त्या रायफलीने उभ्या आयुष्यात टिपलं काय, तर रेंजरच्या जीपचा टायर.

काकाही काही कमी नव्हते. कधी मागचा लाकडी दस्ता तिरका निघायचा, कधी एखादा स्क्रू संशयास्पद. एकदा तर चाप "विचार करून सुटतो" असा शेरा मारला. मिर्झासाहेब खवळायचे, चहा यायचा, आणि निकाल पुढच्या रविवारवर. "जब तक तपासणी चालू है, माल हिलाने का नहीं. हमारे शॉप का नियम है," असं बजावून काका स्कूटरवर बसायचे. मी वैतागून म्हणायचो, "काका, एक घाव दोन तुकडे करून टाका की!" तर म्हणायचे, "घाई नको."

मग एका रविवारी तिथे सीहोरकडचा एक ठेकेदार बसलेला दिसला. मिर्झासाहेबांच्या मुलानेच पाठवला होता. जीप, पैसे, बंदुकीचं लायसन्स, सगळं तयार. "चचा, कल ही लिखा-पढ़ी करा लेते हैं," तो सांगत होता. मिर्झासाहेब रायफलीकडे बघत होते. शेरवानीचं वरचं बटण उघडंच होतं.

काका ताबडतोब कामाला लागले. ओरखडा झाला, दस्ता झाला, स्क्रू झाला, विचारी चाप झाला. ठेकेदाराने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बाबूजी, मेरे को तो दीवार पे टाँगनी है."

भिंतीवर टांगायच्या मालात काय दोष काढणार?

"और आप लेंगे?" ठेकेदाराने विचारलं. "लाइसेंस है आपके पास?"

इतके रविवार स्कूटर हाकली, पण हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. काकांकडे कधीकाळी रेडिओचं लायसन्स होतं, त्याउपर काही नाही. काका चादरीचा कोपरा सरळ करत बसले. खेळ संपला, आता माझे रविवार मला परत मिळणार, असं वाटलं. आणि खरं सांगतो, मुळीच बरं वाटलं नाही.

मिर्झासाहेब सावकाश उठले. वरचं बटण लावलं.

"मियाँ, आप ग़लत वक़्त पर आए. माल इंस्पेक्शन में है. जब तक साहब ओके नहीं करते, यहाँ से एक पेंच नहीं हिलेगा."

"मगर चचा, इनके पास तो लाइसेंस ही नहीं!"

"वो हमें पहले इतवार से मालूम है."

ठेकेदाराने आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं, कपाळाला हात लावला आणि जीप घेऊन निघून गेला. मिर्झासाहेबांनी चहा मागवला. त्या दिवशीचा वाघ चांगलाच मोठा होता.

परत येताना काका मागे बसले होते. मी विचारलं, "खरं सांगा, कशी आहे रायफल?"

"आरसा आहे. इतकी स्वच्छ नळी मी नोकरीतसुद्धा बघितली नाही. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग ओके का नाही म्हणालात?"

पिपलानीचा बाजार मागे पडला. मग कानाशी आवाज आला.

"ओके म्हटलं की माल गेटबाहेर जातो रे. परत येत नाही. दोन्ही पोरांना मीच ओके केलं. एक पुण्यात, एक तिकडे अमेरिकेत. हा एक माणूस दर रविवारी चादर अंथरून माझी वाट बघतो. त्याला कसं ओके म्हणू?"

मी पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं ते विचारलं.

"साडेआठला," काका म्हणाले. "अजून बरंच बघायचं राहिलंय."